इंग्रजी 'बाइंड': कुठे बंध, कुठे बंधन

मागच्या पावसाळ्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात एक मुलगी भाडेकराराची प्रत घेऊन आली. नोकरी वागळे इस्टेटला आणि कळव्यात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेलं घर. सहा महिन्यांतच तिची पुण्याला बदली झाली. घर सोडते म्हणाल्यावर मालकांनी करारातलं एक वाक्य पुढे केलं: 'द लॉक-इन पीरिएड ऑफ एट मंथ्स शॅल बी बाइंडिंग ऑन द लायसन्सी.' लॉक-इन पीरिएड म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत. सही करताना तिने ते वाक्य वाचलं होतं. बाइंडिंग म्हणजे कागदांच्या बांधणीचं काहीतरी असेल असं समजून ती पुढच्या कलमाकडे गेली होती. न राहिलेल्या दोन महिन्यांचं भाडं तिला भरावं लागलं.

मुलगी हुशार आहे, बी.कॉम. झालेली आहे. शाळेत तिला 'बाइंड म्हणजे बांधणे' एवढंच शिकवलं गेलं. शिकवलेलं चूक नव्हतं, अपुरं होतं. तेव्हापासून हे एक क्रियापद मी वर्गात सलग तीन दिवस शिकवते. तेच इथे क्रमाने लिहिते आहे. एका बैठकीत वाचलंत तरी चालेल, पण शेवटच्या पायरीतलं वहीचं काम टाळू नका.

पहिली पायरी: रूपं तोंडात बसवा

बाइंड, बाउंड, बाउंड. 'फाइंड, फाउंड, फाउंड' आणि 'ग्राइंड, ग्राउंड, ग्राउंड' यांच्याच पंगतीतलं हे क्रियापद. तिन्ही एकदम पाठ करा, चाल सारखी असल्यामुळे लक्षात राहतात. 'बाइंडेड' असं रूप प्रमाण इंग्रजीत नाही. कॉम्प्युटरच्या कामात लोक ते सर्रास लिहितात, पण अर्जात किंवा अहवालात लिहू नका. 'बाउंडेड' असा शब्द मात्र आहे. तो दुसऱ्याच घरातला आहे, त्याची गाठ पुढे पडेल.

दुसरी पायरी: शब्दाऐवजी चित्र लक्षात ठेवा

शहापूर-मुरबाडकडे दिवाळीच्या सुमारास भातकापणी चालते. कापलेलं भात शेतात सुटं पसरलेलं असतं. ते मुठीमुठीने गोळा करून बंधाने आवळलं की भारा होतो. इथे एका कृतीत दोन गोष्टी घडतात. सुट्या काड्या एक होतात आणि प्रत्येक काडीची हलायची मोकळीक जाते.

या दोन गोष्टींसाठी आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत: बंध आणि बंधन. रेशीमबंध म्हणतो तेव्हा जोडलं जाणं मनात असतं, बंधनात अडकलो म्हणतो तेव्हा मोकळीक गेल्याचं दुःख असतं. इंग्रजी 'बाइंड' हे दोन्ही ओझी एकटं वाहतं. म्हणून हा शब्द समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: इथे बंध आहे की बंधन? काहीतरी जोडलं जातंय, की कुणाला तरी अडवलं जातंय? उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

मराठी माणसाला हा शब्द परका वाटायचं खरं तर कारण नाही. संस्कृत 'बन्ध्' आणि इंग्रजी 'बाइंड' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे आहेत. आपले बांधणे, बंधू, बंधारा एका फाट्यावरचे. त्यांचे बँड, बाँड, बंडल दुसऱ्या फाट्यावरचे. फारसीतून आलेला आपला बंदोबस्तही त्याच कुळातला. काही शब्द तर आपल्या बाजूने इंग्रजीत गेले. डोक्याला बांधायचा 'बँडाना' हिंदीतून गेला, त्याचा उगम बांधून रंगवलेल्या कापडात. पाणी अडवायच्या बांधाला इंग्रजीत 'बंड' म्हणतात, तोही इथूनच गेला. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरांचे आणि खारजमिनीचे बांध आहेत, इंग्रजी कागदपत्रांत त्यांच्यासाठी हाच 'बंड' शब्द येतो.

तिसरी पायरी: 'बांधणे'चं भाषांतर करायची सवय मोडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या उलट्या दिशेच्या असतात. मराठीत आपण इतकं काही बांधतो की प्रत्येक ठिकाणी 'बाइंड' लिहायचा मोह होतो. घर बांधलं तर 'बिल्ट'. डबा बांधून दिला तर 'पॅक्ड'. गाय गोठ्यात बांधली, राखी बांधली, बुटाची नाडी बांधली तर 'टाइड'. अंदाज बांधला तर 'गेस्ड' किंवा 'एस्टिमेटेड'. कंबर बांधली, चंग बांधला, मनाशी खूणगाठ बांधली, यांत दोरी कुठेच नाही. ही वाक्यं पूर्ण सोडवून, अर्थ सांगूनच इंग्रजीत न्यावी लागतात.

'टाय' आणि 'बाइंड' यांतला फरक हातात दोरी घेऊन समजतो. मी वर्गात सुतळीचा गुंडा नेते. टोकं घेऊन गाठ मारली ते 'टाय'. गाठीवर लक्ष असेल तिथे टाय. काठ्यांच्या जुडीभोवती सुतळीचे वेढे देऊन ती आवळली ते 'बाइंड'. वेढ्यावर आणि आवळण्यावर लक्ष असेल तिथे बाइंड. म्हणून 'टाय अ नॉट' असतं, 'बाइंड अ नॉट' नसतं. हात मागे बांधून पळवून नेलं अशी बातमी असेल तर दोन्ही चालतात, पण 'बाउंड' म्हटलं की बळजबरीची छटा गडद होते. जखमेवर पट्टी गुंडाळून बांधली तर 'बाइंड अप द वूंड', कारण तिथे गाठीपेक्षा वेढे महत्त्वाचे.

चौथी पायरी: मागून येणारा छोटा शब्द पकडा

या पायरीवर घाई करू नका. 'बाइंड'चा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या मागच्या छोट्या शब्दात दडलेला असतो.

'ऑन' किंवा 'अपॉन' आलं की कायदा समजा. 'बाइंडिंग ऑन' म्हणजे अमक्यावर बंधनकारक. त्या मुलीच्या वाक्यात 'ऑन' दिसताच थांबायला हवं होतं, आणि त्याच्यामागे कुणाचं नाव आहे ते पाहायला हवं होतं. ज्याचं नाव 'ऑन'च्या मागे, त्याच्या हातात बेडी. 'ऑन द लायसन्सी' म्हणजे भाड्याने राहणाऱ्यावर. 'ऑन बोथ पार्टीज' असतं तर मालकही तितकेच बांधले गेले असते. दोन शब्दांचा फरक आहे, पण घर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाने तो तपासायला हवा असं मला कळकळीने वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीआधी मसुदा हातात येतो, तेव्हाच पेन्सिल घेऊन प्रत्येक 'बाइंडिंग'खाली रेघ मारा. 'शॅल बाइंड द एअर्स' असं दिसलं तर ते वारसांनाही लागू आहे. 'नॉन-बाइंडिंग' दिसलं तर ती नुसती इच्छा आहे, पाळण्याची सक्ती नाही.

हाच 'ऑन' आपल्या राज्यघटनेतही भेटतो. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा भारतातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे असं अनुच्छेद १४१ सांगतं, तिथे इंग्रजी पाठात 'बाइंडिंग ऑन ऑल कोर्ट्स' हेच शब्द आहेत. लवादाच्या निवाड्याबाबत १९९६ च्या कायद्यात 'फायनल अँड बाइंडिंग' अशी जोडी येते. फायनल म्हणजे अंतिम, बाइंडिंग म्हणजे बंधनकारक. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. वाचताना आपण त्या एकच समजून गिळतो.

'टू' आलं की चिकटणं समजा. विज्ञानाच्या पुस्तकात हे सतत येतं. 'ऑक्सिजन बाइंड्स टू हिमोग्लोबिन': ऑक्सिजन हिमोग्लोबिनला जोडला जातो. इथे 'बांधतो' असं भाषांतर केलं तर कोण कुणाला बांधतंय तेच कळत नाही. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनचे चार रेणू बसू शकतात. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावल्यामुळे जीव गेल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो, त्यामागे याच क्रियापदाचा खेळ आहे. हवा खेळती नसली की ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने 'बाइंड' होतो, लवकर सुटत नाही, आणि ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. बंध आणि बंधन एकाच क्षणी कसं घडतं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. ज्यांच्याकडे असा गीझर आहे त्यांनी इंग्रजी बाजूला ठेवून आधी बाथरूमची खिडकी उघडी राहील अशी सोय करावी.

'बाय' आलं की बांधणारी शक्ती कोणती ते कळतं: 'बाउंड बाय ओथ' शपथेने, 'बाउंड बाय रूल्स' नियमांनी. 'टुगेदर' आलं की निखळ बंध. खाडीकाठच्या तिवरांची मुळं चिखल धरून ठेवतात, 'द रूट्स बाइंड द सॉइल टुगेदर'. आपली ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तिच्याविषयीचे इंग्रजी माहितीफलक वाचायला जाल तेव्हा हा अर्थ जवळ ठेवा. 'बाउंड अप विथ' म्हणजे गुंतलेलं, एकापासून दुसरं वेगळं न काढता येणारं. 'बाइंड ओव्हर' हे कोर्टाचं आहे: शांतता राखीन असं हमीपत्र लिहून द्यायला लावणं.

'इन अ बाइंड' मात्र क्रियापद नाही, नाम आहे. 'आय ॲम इन अ बाइंड' म्हणजे मी पेचात सापडलोय. बोलीत आपण म्हणतो तशी इकडे आड तिकडे विहीर. मानसशास्त्रातला 'डबल बाइंड' त्याच्याही पुढचा. ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ही कल्पना मांडली. मुलाला 'मोकळेपणाने बोल' म्हणायचं आणि बोललं की उद्धट ठरवायचं, असे दोन परस्परविरोधी हुकूम एकदम मिळाले की ते कसंही वागलं तरी चूकच ठरतं.

पाचवी पायरी: चार 'बाउंड' वेगळे ओळखा

'बाउंड' दिसला की तो 'बाइंड'चा भूतकाळ असेलच असं नाही. लिहायला आणि बोलायला सारखे, पण मुळात वेगवेगळे असे चार शब्द इंग्रजीत आहेत.

पहिला आपला ओळखीचा, बाइंडचा भूतकाळ. यातून 'बाउंड टू' निघतो आणि त्याला दोन अर्थ आहेत. 'यू आर बाउंड टू पे': तुम्हाला भरावंच लागेल, कर्तव्य. 'इट इज बाउंड टू रेन': पाऊस येणारच, खात्री. परीक्षा सोपी आहे. कर्ता जबाबदारी घेऊ शकतो का ते बघा. पाऊस, दर, गर्दी यांना कर्तव्य नसतं, तिथे खात्रीच. माणूस कर्ता असेल तर आगेमागे करार, शपथ, नियम यांचा उल्लेख शोधा. नसेल तर बहुधा खात्रीचाच अर्थ असतो.

दुसरा 'बाउंड' म्हणजे 'अमक्या दिशेला निघालेला'. हा जुन्या नॉर्स भाषेतल्या 'तयार, सज्ज' अशा अर्थाच्या शब्दावरून आला आहे, बांधण्याशी त्याचं नातं नाही. इंग्रजी पेपरात 'मुंबई-बाउंड लेन'वर अपघात झाला असं येतं, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या मार्गिकेवर. 'ठाणे-बाउंड ट्रेन' ठाण्याला अडकलेली नाही, ठाण्याकडे निघालेली आहे. पण 'फॉगबाउंड' गाडी धुक्यात अडकलेली असते, आणि 'हाउसबाउंड' आजी आजारपणामुळे घराबाहेर पडू शकत नाहीत. मग ओळखायचं कसं? 'बाउंड'च्या आधी गाव, दिशा किंवा मुक्काम असेल तर निघालेला. हवामान, अडथळा किंवा जिथून बाहेर पडता येत नाही अशी जागा असेल तर अडकलेला. 'होमबाउंड' दोन्हीकडे झुकतो, तो संदर्भावरून सोडवा. 'व्हीलचेअर-बाउंड' हा शब्द मात्र लिहू नका. चाकाची खुर्ची माणसाला बांधून ठेवत नाही, फिरायला मदत करते. आता 'व्हीलचेअर यूजर' म्हणतात आणि ते योग्य आहे.

तिसरा 'बाउंड' म्हणजे हद्द. 'आउट ऑफ बाउंड्स' म्हणजे हद्दीबाहेर, प्रवेश मना. पहिल्या पायरीवर राहिलेला 'बाउंडेड' इथला. घराच्या किंवा जमिनीच्या खरेदीखताच्या शेवटी परिशिष्टात 'बाउंडेड ऑन द ईस्ट बाय...' अशा चार ओळी असतात. ती आपली चतुःसीमा: पूर्वेला काय, पश्चिमेला काय. तिथे कुणी कुणाला बांधत नाही. माझ्या वर्गातल्या एका काकांनी स्वतःच्या खरेदीखतातल्या या चार ओळी वीस वर्षांनी पहिल्यांदा अर्थासकट वाचल्या आणि लगेच जागेवरच्या खुणांशी ताडून पाहिल्या. असं घडलं की मला शिकवण्याचं सार्थक वाटतं.

चौथा 'बाउंड' म्हणजे उडी, फ्रेंचमधून आलेला. 'बाय लीप्स अँड बाउंड्स' म्हणजे झपाट्याने. 'रिबाउंड' म्हणजे आपटून परत उसळणं हा यातलाच. पण 'रीबाइंड'चा भूतकाळही 'रीबाउंड'च होतो, म्हणजे पुन्हा बांधणी केलेलं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासूनच्या जुन्या संस्थांच्या कपाटांतली पुस्तकं डोळ्यांपुढे आणा. अशा जुन्या प्रतीबद्दल इंग्रजी सूचीत 'रीबाउंड' लिहिलं असेल तर पुस्तक उसळलेलं नाही, त्याला नवा पुठ्ठा चढला आहे.

सहावी पायरी: धंद्यागणिक अर्थ

इथे फार रेंगाळायला नको, कारण ज्याचा जो धंदा त्याला तो अर्थ आधीच ठाऊक असतो. प्रकल्प अहवालाचं स्पायरल बाइंडिंग आणि इंजिनीअरिंगच्या ब्लॅक बुकचं हार्ड बाइंडिंग विद्यार्थ्यांना सांगावं लागत नाही. स्वयंपाकात 'बाइंड' म्हणजे मिश्रण मिळून येणं. कटलेट तेलात सुटू नयेत म्हणून अंडं, ब्रेडचा चुरा किंवा कॉर्नफ्लोअर घालतात ते बाइंडिंग. शिवणात ब्लाउजच्या गळ्याला लावायची उरेब पट्टी म्हणजे 'बायस बाइंडिंग'. रस्त्याच्या कामात खडी धरून ठेवणारं डांबर 'बाइंडर', आणि ऑफिसात कागद धरणारी जाड फाइलही 'बाइंडर'च.

लोकलने जाणाऱ्यांना एक अर्थ उपयोगी पडेल. गाडी थांबल्यावर 'ब्रेक बाइंडिंग' झालं असं कानावर येतं. इथे काही तुटलेलं नसतं. सोडलेला ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि चाकाला घासत राहतो, त्यामुळे चाक तापतं आणि धूर येतो. घरातलं लाकडी दार पावसाळ्यात फुगून चौकटीला अडतं, त्यालाही 'द डोअर बाइंड्स' म्हणतात. दोन्हीकडे निखळ बंधन, बंध कुठेच नाही.

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी: प्रोग्राम एखाद्या पोर्टला, म्हणजे नेटवर्कवर ये-जा करायच्या क्रमांक दिलेल्या दाराला, 'बाइंड' होतो म्हणजे तो क्रमांक स्वतःच्या नावावर घेतो. म्हणूनच दुसरा प्रोग्राम तिथे आला की 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असा निरोप मिळतो. 'की बाइंडिंग' म्हणजे कळफलकावरच्या कोणत्या कळीने कोणतं काम होईल ते ठरवणं. आणि बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये 'डिव्हाइस बाइंडिंग' दिसलं तर घाबरू नका. तुमचं खातं या फोनला आणि त्यातल्या सिमला जोडलं जातंय, त्यासाठी ॲप स्वतःच एक एसएमएस पाठवतं. मात्र हे काम 'करून देतो' म्हणून फोनवर कुणी एखादा मेसेज पाठवायला सांगितलं तर पाठवू नका. तसं केलं तर तुमचं खातं त्याच्या फोनला बांधलं जाऊ शकतं.

सातवी पायरी: वही

दोनशे पानी वहीचं एक पान या शब्दाला द्या. मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'बंध', उजवीकडे 'बंधन'. पुढचे पंधरा दिवस पेपर, करार, औषधाचं चिठोरं, सोसायटीची नोटीस, जिथे हा शब्द दिसेल तिथलं अख्खं वाक्य उतरवा. नुसता शब्द लिहू नका, मागचा छोटा शब्द हरवतो. वाक्याखाली मराठीत अर्थ लिहा, पण एक अट पाळा: 'बांधणे' हा शब्द वापरायचा नाही. लागू होणे, चिकटणे, मिळून येणे, अडणे, जोडणे, गुंतणे, नावावर घेणे, जो चपखल बसेल तो शोधा. शोधताना जी ओढाताण होते तिच्यातच शब्द पक्का होतो. 'बाउंड'साठी मागचं पान ठेवा आणि त्याचे चार चौकोन करा.

त्या मुलीने पुण्याला जायच्या आदल्या आठवड्यात वही दाखवली. उजव्या रकान्यात पहिलं वाक्य तिच्याच कराराचं होतं, खाली मराठीत लिहिलं होतं: 'आठ महिने पूर्ण होईपर्यंत घर सोडता येणार नाही, हे भाड्याने राहणाऱ्यावर बंधनकारक, मालकावर नाही.' शेजारी पुण्याच्या नव्या घराच्या कराराचा मसुदा होता. त्यातलं 'ऑन द लायसन्सी' तिने खोडून 'ऑन बोथ पार्टीज' लिहिलं होतं आणि समासात विचारलं होतं, 'मॅडम, हे बरोबर आहे ना?'